मीठ कोण चाखणार?

रमजान सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरात एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. सालनात मीठ बरोबर पडलंय की नाही, हे सांगायचं कोणी? घरातल्या सगळ्यांना रोजा. मग अंगणात खेळणाऱ्या एखाद्या सहा-सात वर्षांच्या पोराला हाक मारून आणायचं आणि चमचा पुढे करायचा. पोरगं ऐटीत चव घेतं आणि म्हणतं, ‘मस्त है!’ त्यातून मीठ कमी की जास्त, काहीच कळत नाही. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकायची मुभा स्वयंपाक करणारीला आहे, पण माझ्या अम्मीला ते कधी पटलं नाही. ती नुसत्या वासावरून मीठ ओळखायची. आम्हाला तेवढं येत नाही.

हाच प्रश्न २०२४ च्या रमजानात मी अमेरिकेतल्या ओकलंड गावी एका छोट्याशा हॉटेलात पाहिला. तिथं तो आमच्यापेक्षा दुप्पट अवघड झाला होता.

लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. नातू फेब्रुवारीच्या शेवटी झाला आणि ११ मार्चला तिकडे पहिला रोजा आला. लेक बाळाला पाजते म्हणून तिला रोजा नाही. जावई कामावर, इफ्तार तिकडेच उरकायचा. म्हणजे रोजेदार मी एकटी. संध्याकाळी सव्वासातला फोनमधून अजान व्हायची, मी खिडकीशी बसून खजूर तोंडात टाकायची आणि घरची आठवण काढायची. आपल्या गल्लीत त्या वेळी काय गोंधळ असतो! फळवाल्याची ओरड, भजींचा वास, मशिदीचा भोंगा, कुणाच्या तरी घरून आलेली झाकलेली ताटली. इथं खिडकीखाली रस्ता, गाड्या आणि शांतता. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, ‘‘अम्मी, कोपऱ्यावर एक हबशी हॉटेल आहे. जाऊन तर बघ.’’

ओकलंडच्या टेलिग्राफ ॲव्हेन्यूवर इथिओपियन आणि एरिट्रियन खाणावळी बऱ्याच आहेत. हे त्यातलंच एक, अगदी साधं. सात-आठ टेबलं, भिंतीवर विणलेल्या टोपल्या, काउंटरवर कॉफीचं यंत्र. मोठ्या हॉटेलाचा थाट कुठेच नाही. समोरच्या दुकानातली पोरं येऊन बसतात, टॅक्सीवाले येतात, म्हातारे तासन् तास एका कॉफीवर वेळ काढतात. आपल्याकडच्या स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलासारखंच, फक्त थोडं स्वच्छ.

दार उघडलं आणि मी जागीच थबकले. ऊद-लोबानचा वास! गुरुवारी संध्याकाळी दर्ग्याच्या पायरीवर येतो तोच. त्यात भाजलेल्या कॉफीचा आणि कांद्याचा वास मिसळलेला. हा कांदा ते आधी तेलाशिवाय, कोरडाच, मंद आचेवर परतत बसतात. पार लगदा झाला की मग तेल घालतात. आमच्याकडे कुणी सून असं करताना दिसली तर सासू भांडं हातातून काढून घेईल.

मालकीण पंचेचाळिशीची बाई. डोक्याला पांढरी ओढणी. मी पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘हलाल आहे का?’’ ती हसली. म्हणाली, ‘‘मटणाचं विचारत असाल तर आमच्या स्वयंपाक्याला विचारा, तो मुसलमान आहे. भाजीचं विचारत असाल तर डोळे मिटून खा. मलाही उपवास आहे.’’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. गळ्यात तर क्रूस दिसत होता.

उलगडा नंतर झाला. इथिओपिया आणि एरिट्रियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा मोठा उपवास करतात. मांस, दूध, दही, तूप, अंडी, सगळं बंद. कडक पाळणारे दुपारी तीनपर्यंत पाणीही घेत नाहीत. त्याखेरीज वर्षभर बुधवार आणि शुक्रवार आहेतच. वर्षाचे जवळपास निम्मे दिवस उपवासाचे. आपल्याकडच्या एकादशी-चतुर्थी करणाऱ्या आजींनाही हे भारी पडेल. आणि २०२४ साली योग असा, की त्यांचा हा उपवास ११ मार्चलाच सुरू झाला. आमचा पहिला रोजा आणि त्यांचा पहिला उपवास एकाच सोमवारी.

आता त्या हॉटेलातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकी इथिओपियातल्या वोलो भागातला मुसलमान, त्याला रोजा. सूर्य मावळेपर्यंत तो काहीच चाखू शकत नाही. मालकीण ख्रिस्ती, ती दुपारी तीनपर्यंत काहीच चाखू शकत नाही आणि तीननंतरही मांसाला जीभ लावू शकत नाही. पण गिऱ्हाईक अमेरिकन, त्याला कोंबडी हवी, मटण हवं. मग मीठ चाखणार कोण? भांडी घासायला एक मेक्सिकन पोरगा होता, वीस-बावीस वर्षांचा. त्याला हाक मारायची. तो हात पुसत यायचा, चमचा तोंडात घालायचा आणि अंगठा वर करायचा. प्रत्येक पदार्थाला अंगठा वरच. स्वयंपाकी कपाळाला हात लावून म्हणायचा, ‘‘याला अंगठ्याशिवाय दुसरी चव माहीत नाही.’’ मी अम्मीच्या अंगणातल्या पोरांची गोष्ट सांगितली, तेव्हा दोघं पोट धरून हसले. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

जेवणाचं सांगते. टेबलावर एक मोठं गोल ताट येतं आणि त्यावर पसरलेली इंजेरा. इंजेरा म्हणजे काय, ते मराठी माणसाला पटकन सांगता येतं: जाळीदार, आंबूस, हातभर रुंद आंबोळी. फक्त तांदळाची नाही, तेफ नावाच्या धान्याची. हा दाणा नाचणीपेक्षाही बारीक, खसखशीएवढा. पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवायचं, आधीच्या घाण्यातलं थोडं आंबलेलं पाणी विरजणासारखं घालायचं आणि मोठ्या सपाट तव्यावर बाहेरून आत गोल गोल ओतत जायचं. उलटायची नाही. झाकण ठेवून एकाच बाजूने भाजायची, म्हणजे वरच्या अंगाला जाळी पडते. त्या भोकांना ते ‘डोळे’ म्हणतात. डोळे नीट पडले नाहीत तर इंजेरा बिघडली. आपल्या घावनाला जाळी पडली नाही की बाई हिरमुसते, तसंच. तेफ पूर्वी तिकडून यायचं, आता अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातही पिकतं.

या आंबोळीवर मग ढीग मांडतात. मसुराची तिखट लाल आमटी, तिचं नाव मिसिर वॉत. मिसिर म्हणजे मसूर, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. वाटाण्याच्या डाळीचं हळदीतलं फिकं वरण. कोबी, बटाटा, गाजर यांची भाजी. गोमेन नावाची लसूण घातलेली पालेभाजी. लाल पदार्थांत बेरबेरे हा मसाला असतो: सुकी मिरची, लसूण, आलं, मेथी, ओवा, कलौंजी, शिवाय तिकडची मोठी वेलची. ओव्याचा वास ओळखीचा, पण या संगतीत तो वेगळाच लागतो.

आणि मधोमध शिरो. पहिला घास घेतला आणि मी नातवाच्या नावाने शपथ घेऊन सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिरो म्हणजे पिठलं! हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, तिखट, खदखदत मातीच्या भांड्यात आलेलं. सात समुद्रापार रोजा सोडायला पिठलं मिळेल, असं स्वप्नातही आलं नसतं. मी मालकिणीला म्हटलं, ‘‘बेटी, हे आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरी रोज होतं.’’ ती म्हणाली, ‘‘आमच्याकडेही.’’

मग हळूहळू ध्यानात आलं, की तिच्या उपवासाचं सगळं जेवण मला रोज्याला चालतंय. त्यात मांसच नाही, तर हलालचा सवाल कुठून येणार? तिकडे ही गोष्ट साधी नाही. वोलोच्या स्वयंपाक्याने सांगितलं, की त्यांच्या मुलखात ख्रिस्ती माणूस मुसलमानाने कापलेलं खात नाही आणि मुसलमान ख्रिस्त्याने कापलेलं खात नाही. ही रीत पिढ्यान् पिढ्यांची. पण लग्नाला तर एकमेकांना बोलवायचंच असतं. मग ख्रिस्ती यजमान मुसलमान पाहुण्यांसाठी वेगळं जनावर आणतो, कापायला मुसलमानालाच बोलावतो, शिजवायला वेगळी चूल, वेगळी भांडी. मुसलमान यजमानही तसंच करतो. ‘‘आमच्या गावात दोन चुली पेटल्या की लोक म्हणायचे, चला, आज सगळे जेवणार.’’ हे तो सहज बोलून गेला.

मला माझ्या लग्नातला मांडव आठवला. अब्बांनी वलिम्याला वेगळा मांडव घातला होता, तिथे ब्राह्मण आचारी, वांग्याची भाजी, जिलेबी आणि मठ्ठा. अब्बांचे शाळेतले सगळे सहकारी त्या पंगतीत. अब्बा स्वतः दारात उभे राहून एकेकाला सांगत होते, की भांडी नवीन आहेत, आचारी तुमचा आहे. आता कुणी म्हणेल, हा भेदभाव झाला, एकत्र बसून का नाही जेवले? मला तसं वाटत नाही. पाहुण्याला काय चालतं आणि काय नाही, याची काळजी घेणारा यजमान त्याला घरचा समजत असतो. बोलावणंच बंद होतं, भीती त्याची वाटावी.

ते पुढे येईलच.

रमजानच्या पानावर हबशांच्या मुलखाचा विषय निघाला आणि नजाशीचं नाव आलं नाही, असं होऊ शकत नाही. मक्केत पहिल्या मुसलमानांचे हाल सुरू झाले, तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना समुद्र ओलांडून हबशा देशात जायला सांगितलं. तिथला राजा न्यायी आहे, त्याच्या राज्यात कुणावर जुलूम होत नाही, असा भरवसा देऊन. साल इसवी ६१५ च्या सुमाराचं. म्हणजे मदिनेच्या हिजरतीच्याही आधीची हिजरत, आणि आश्रय देणारा राजा ख्रिस्ती. मक्केच्या सरदारांचे वकील नजराणे घेऊन मागोमाग पोचले, ‘आमची माणसं परत द्या’ म्हणाले. राजाने दोन्ही बाजू ऐकल्या. हजरत जाफर (रजि.) यांनी त्याला सूरह मरियममधल्या आयती ऐकवल्या, ईसा अलैहिस्सलाम आणि बीबी मरियम यांची हकीकत. राजा रडला, दरबारातले पाद्रीही रडले. नजराणे परत गेले, निर्वासित राहिले. आपल्या हजरत बिलालांची (रजि.) आई हबशी. पैगंबर साहेबांना लहानपणी सांभाळणाऱ्या उम्मे ऐमनही हबशी, त्यांचं मूळ नाव बरका. हे नाव लक्षात ठेवा.

मी ही हकीकत हॉटेलात सांगायला गेले तर मालकीण म्हणाली, ‘‘आमचाच राजा, मला काय सांगता?’’ स्वयंपाकी आतून ओरडला, ‘‘नंतर त्याने इस्लाम कबूल केला!’’ ती म्हणाली, ‘‘कुणी सांगितलं? तो शेवटपर्यंत ख्रिस्ती होता.’’ हा वाद त्यांच्यात दर रमजानला होतो म्हणे. आमच्या रिवायतीत पैगंबर साहेबांनी नजाशीच्या निधनाची खबर येताच मदिनेत त्याची जनाजाची नमाज पढवली. तिच्या चर्चची परंपरा वेगळं सांगते. वाद सुटला नाही, इंजेरा मात्र आली.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगताना तिचा आवाज बदलला. तिग्राय प्रांतात नेगाश नावाचं गाव आहे. त्या पहिल्या मुसलमानांची वस्ती तिथे होती असं मानतात, तिथे जुनी मशीद आहे. २०२० च्या नोव्हेंबरात तिग्रायमध्ये युद्ध पेटलं. त्यात या मशिदीवर तोफांचा मारा झाला, ती लुटली गेली. चौदाशे वर्षांपूर्वी आश्रय मिळालेली जागा!

हॉटेलच्या पाटीवर दोन्ही देशांची नावं आहेत, मेन्यूत प्रत्येक पदार्थाला दोन नावं. एक अम्हारिक, एक तिग्रिन्या. अदीस अबाबाचा माणूस इंजेरा म्हणतो, अस्माऱ्याचा ताइता. रस्सा एकाकडे वॉत, दुसऱ्याकडे त्सेबही. गिऱ्हाइकाला मजा वाटते. मला आधी वाटलं, धंद्याची युक्ती आहे. तशी नव्हती.

एरिट्रिया आधी इटलीची वसाहत, पुढे इथिओपियात विलीन, मग तीस वर्षांचा लढा आणि १९९३ मध्ये स्वतंत्र देश. पाचच वर्षांत, १९९८ साली, सीमेवरून दोघांचं युद्ध जुंपलं. हजारो माणसं मेली. इथिओपियात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या एरिट्रियन वंशाच्या लोकांना घरातून उचलून सीमेपार धाडलं, तिकडूनही इथिओपियन लोकांना निघावं लागलं. मालकिणीचे आईवडील मूळ अस्माऱ्याचे, पण ती वाढली अदीस अबाबात. वडिलांना एका रात्री बसमध्ये बसवून सीमेवर नेलं. थोरली बहीण इथिओपियन माणसाशी लग्न झालेली, ती मागे राहिली. ही सुदानमार्गे फिरत फिरत अमेरिकेला आली.

युद्ध २००० साली थांबलं, पण समेट झाला नाही. दोन्ही देशांत विमान नाही, टपाल नाही, फोन नाही. अदीसहून अस्माऱ्याला फोन लागतच नसे. अमेरिकेतून मात्र दोन्हीकडे लागायचा. मग ही काय करायची? एका फोनवर वडील, दुसऱ्या फोनवर बहीण, आणि दोन्ही फोन एकमेकांना उलटे चिकटवून टेबलावर ठेवायचे. बाप-लेक त्यातून बोलायचे. ‘‘मी बाजूला गप्प बसायची. कधी दोघंही काही बोलायचे नाहीत. नुसतं रडणं ऐकू यायचं, ते पण खरखरत.’’ ती हे सांगत होती तेव्हा हात कॉफी निवडत होते.

२०१८ च्या जुलैत दोन देशांत समेट झाला, फोन सुरू झाले. त्या आठवड्यात अदीसमधले लोक आनंदाने अस्माऱ्याचे कुठलेही नंबर फिरवून अनोळखी माणसांशी बोलत होते, हे तेव्हा जगभरच्या बातम्यांत आलं होतं. तिच्या बहिणीनेही नंबर फिरवला. उचलायला वडील नव्हते. ते आधीच गेले होते.

सीमा उघडली, काही महिन्यांत परत बंद झाली. मग २०२० चं युद्ध आलं, दोन वर्षं चाललं आणि त्याने या हॉटेलची टेबलं वेगळी केली. जे रोज एका ताटात जेवायचे, ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसू लागले. अम्हारा इकडे, तिग्रायचे तिकडे, एरिट्रियातले दाराशी. भांडण नाही, शिवीगाळ नाही. ‘‘भांडले असते तर बरं झालं असतं,’’ ती म्हणाली. काहीजण यायचेच बंद झाले. पाटीवरचं एक नाव काढ, असं तिला दोन्ही बाजूंनी सांगून झालं. तिने टीव्ही काढला. नाव काढलं नाही.

मी काही बोलले नाही, पण मला आमच्या कॉलनीतला जिना दिसत होता.

आमच्या समोरच्या घरी एक वहिनी राहतात. बावीस वर्षांचा शेजार. रमजानात आमच्याकडून फळांची आणि भजींची ताटली जायची, एकादशीला त्यांच्याकडून साबुदाण्याची खिचडी यायची. ईदला त्यांच्यासाठी शिरखुर्मा मी वेगळ्या पातेल्यात करायची, त्या पातेल्यात कधीच दुसरं काही शिजलं नाही, हे त्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी गावात काहीतरी झालं, फोनवर संदेश फिरले, चार दिवस दुकानं बंद राहिली. आमच्या जिन्यात कुणी कुणाला वाकडा शब्द बोललं नाही. फक्त त्या वर्षी ताटली घेऊन मी दारापर्यंत गेले आणि परत आले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्याकडूनही आषाढीला काही आलं नाही. त्यांचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, आणि भरून द्यायला हात होईना. तो फळीवर तसाच.

हॉटेलात इफ्तारनंतर कॉफी व्हायची. ही कॉफी म्हणजे कप आणून आदळला, असं नव्हे. हिरव्या बिया धुवायच्या, लहान कढईत सगळ्यांसमोर भाजायच्या, धूर निघाला की कढई प्रत्येकाच्या नाकापाशी फिरवायची. मग कुटून जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळायच्या. सोबत मक्याच्या लाह्या. छोट्या बिनकानाच्या पेल्यांतून तीन फेऱ्या. पहिली अबोल, ती कडक. त्याच चोथ्यावर पाणी घालून दुसरी, तोना. तिसरी अगदी फिकी, तिचं नाव बरका. म्हणजे आपली बरकत! तिसरी न घेता उठणं हे उद्धटपणाचं. घाई असलेल्या माणसाने पहिल्याच फेरीला बसू नये. मला तरावीहची घाई असायची, तरी मी बसायची.

याच फेऱ्यांत एकदा मलिक अंबर निघाला. मी म्हटलं, तुमचा एक माणूस आमच्या गावाजवळ झोपलाय. खुलताबादेत. दोघांनी मान वर केली. मग सांगत बसले. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला, चापू नावाचा मुलगा. गुलाम म्हणून मोखाच्या बाजारात विकला गेला, किंमत ऐंशी डच नाणी, असं त्याला पुढे भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. तिथून बगदाद, बगदादहून दख्खन. इथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, तोही एके काळचा हबशी गुलाम. तोच चापू निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने मोगलांना वीस-पंचवीस वर्षं दमवलं, मराठे सरदार सोबत घेऊन गनिमी काव्याने लढला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या फौजेत होते. जमिनीची मोजणी, महसुलाची घडी त्याने बसवली. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आपलं हे शहर. त्याची नहर आपले आजोबा-पणजोबा प्यायले.

स्वयंपाक्याने फोनवर खुलताबादच्या मकबऱ्याचं चित्र काढून बराच वेळ पाहिलं. ‘‘मोखा,’’ तो म्हणाला. ‘‘आमची कॉफीही तिथूनच जगात गेली.’’ मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘त्याच्या आईला कळलं असेल का, तो कुठे पोचला ते?’’ मालकिणीने तिसरी फेरी ओतली. कुणी उत्तर दिलं नाही.

ईद आली १० एप्रिलला. ईदला शिरखुर्मा हॉटेलात द्यायचा, हे मी ठरवून टाकलं होतं. शेवया आणल्या, खारका रात्री भिजवल्या, आणि सकाळी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवताना लक्षात आलं, की तिचा उपवास तर ५ मेपर्यंत आहे. दूध नाही, तूप नाही! दुधाशिवाय शिरखुर्मा? ज्याच्या नावातच दूध आहे, त्यातून दूध काढायचं? लेक म्हणाली, ‘‘अम्मी, स्वयंपाक्यापुरता दे की.’’ पण ते काही मनाला पटेना. शेवटी बदाम भिजवून वाटले, नारळाचं दूध काढलं, तेलावर शेवया परतल्या, नवं पातेलं आणलं. रंग बरा आला. चव माझ्या अम्मीने पाहिली असती तर पुढचे आठ दिवस बोलली नसती.

मालकिणीने विचारलं, ‘‘यात दूध?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, बेटी. भांडंसुद्धा नवीन आहे.’’ हे शब्द तोंडातून निघाले आणि मला अब्बा मांडवाच्या दारात उभे दिसले.

तिने पहिला चमचा घेतला नाही. हाताने इंजेराचा तुकडा तोडला, त्यात शिरो भरलं आणि माझ्या तोंडाशी आणलं. याला ते गुरशा म्हणतात, आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवणं. नाही म्हणायचं नसतं. आपल्याकडे उष्ट्या-खरकट्याचा विचार मनात येतोच, माझ्याही आला. घास मोठा होता, निम्मा ओढणीवर सांडला. मेक्सिकन पोरानेही शिरखुर्मा खाल्ला आणि अंगठा वर केला.

मेच्या मध्यावर परत निघाले, तेव्हा तिने एका पिशवीत दोन पुड्या दिल्या. एक बेरबेरे, एक शिरोचं पीठ. कस्टमवाल्याने वास घेऊन परत ठेवलं.

घरी आल्यावर चार-पाच दिवस पुड्या तशाच होत्या. मग तो स्टीलचा डबा फळीवरून काढला, घासला, शिरोच्या पिठाने भरला आणि समोरचं दार वाजवलं. वहिनींनी उघडलं. केस जास्त पांढरे झाले होते. त्या म्हणाल्या, ‘‘भाभी, केव्हा आलात? नातू कसा आहे?’’ फोटो दाखवले. मग डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडून लाल पीठ पाहिलं, जरा थांबल्या. ‘‘यात काही...?’’

‘‘काही नाही, वहिनी,’’ मी म्हटलं. ‘‘पिठलंच आहे. हबशांचं. तिखट जरा बेतानं घाला, मीठ पण त्यात आधीच आहे.’’

‘‘किती आहे मीठ?’’

‘‘मला नाही माहीत. चाखून बघा आणि सांगा.’’

डबा अजून त्यांच्याकडेच आहे.